आधी डाग ओळखा, मग इस्त्री तापवा

भुसावळच्या एका घरातली ही गोष्ट. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर आजोबा आजींना घेऊन काशीयात्रेला गेले. परतताना गंगाजलाच्या गडूबरोबर त्यांनी भदोहीहून एक लोकरीचा गालिचा आणला. मोतिया रंगाची जमीन आणि तिच्यावर मरून फुले. आयुष्यभर काटकसर केलेल्या माणसाने फंडाच्या पैशातून केवळ हौसेसाठी घेतलेली ती एकच वस्तू. दिवाळीला किंवा पाहुणे यायचे असले म्हणजेच तो अंथरला जाई. एरवी डांबरगोळ्या घालून, जुन्या चादरीत गुंडाळून दिवाणात ठेवलेला असे.

नातवाच्या पाचव्या वाढदिवसाला तो बाहेर निघाला आणि मुलांच्या धावपळीत गुलाबाच्या सरबताचा जग त्यावर उलटला. मोतिया जमिनीवर ताटाएवढा लालभडक डाग पडला. आजोबा तेव्हा देवळात गेले होते. ते परत येण्याआधी डाग नाहीसा करायचा म्हणून सूनबाईंनी घाईघाईने गरम पाणी ओतले, फडक्याने टिपले आणि लवकर सुकावे म्हणून वर कापड टाकून कडक इस्त्री फिरवली. गालिचा सुकला. पण डाग फिका होण्याऐवजी असा पक्का बसला की जणू तो नक्षीचाच एक भाग असावा.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या वयस्क रंगाऱ्याला बोलावून दाखवले. त्याने डागावरून बोट फिरवले, गरम पाण्याची आणि इस्त्रीची हकीकत ऐकली आणि म्हणाला, "सूनबाई, तुम्ही डाग काढायला गेलात आणि लोकर रंगवून बसलात. आम्ही तरी दुसरं काय करतो?"

रंगाऱ्याच्या या बोलण्यात डाग काढण्याचे अर्धे शास्त्र आहे. हल्ली बाजारात उष्णतेने काम करणारी, डाग घालवणारी बरीच रसायने मिळतात. काही गरम पाण्यात घालायची असतात, तर काही डागावर शिंपडून वरून इस्त्री द्यायची असते. मोबाइलवरच्या चित्रफितींमध्ये पाहावे तर पंधरा सेकंदांत डाग गायब! ही रसायने खोटी नाहीत, ती खरोखर काम करतात. पण उष्णतेला चांगले-वाईट कळत नाही. योग्य रसायन असेल तर ती डाग लवकर काढते आणि रसायन चुकले किंवा नसलेच, तर तोच डाग कायमचा पक्का करते. म्हणूनच इस्त्री तापवण्याआधी डाग कशाचा आहे आणि कापड कशाचे आहे, हे दोन प्रश्न स्वतःला विचारलेच पाहिजेत.

सरबताची बाटली आणि रंगाऱ्याची कढई

लाल सरबत, जेली, रंगीत गोळ्या, बर्फाचा गोळा यांमध्ये जे कृत्रिम लाल रंग वापरले जातात, त्यांत कार्मोइसिन आणि पोन्सो 4आर हे दोन प्रमुख आहेत. सरबताच्या बाटलीवरील बारीक अक्षरांत 122 किंवा 124 असा क्रमांक दिसला तर समजावे की हेच रंग आहेत. गंमत अशी की कापड रंगवण्याच्या धंद्यात यांनाच 'ॲसिड रेड 14' आणि 'ॲसिड रेड 18' अशी नावे आहेत. 'ॲसिड' म्हणजे आम्ल. हे रंग लोकर, रेशीम आणि नायलॉन या धाग्यांना आंबट आणि गरम पाण्यात घट्ट धरतात. लोकर रंगवताना रंगारी कढईत पाणी तापवतो, त्यात रंग आणि थोडे आम्ल घालतो आणि लोकर त्यात मुरू देतो.

आता सरबताचा विचार करा. त्यात रंग आहे. सायट्रिक आम्ल म्हणजे लिंबूसत्वही आहे. कमी होती ती फक्त उष्णता. गरम पाणी आणि इस्त्रीने तीही पुरवली. भुसावळच्या त्या घरात नेमके हेच घडले.

हेच सरबत सुती सतरंजीवर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या स्वस्त गालिच्यावर सांडले असते तर एवढा घोर लागला नसता. पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्यात हा रंग शिरतच नाही, वरवर बसतो. साध्या थंड पाण्याने आणि थोड्या साबणचुऱ्याने तो बहुधा निघून जातो. सुतालाही तो लोकरीइतका घट्ट धरत नाही. तेव्हा डाग एकच असला तरी धागा बदलला की उपाय बदलतो.

कोणत्या डागांना आच लागू देऊ नये

रसायनांची क्रिया उष्णतेने वेगाने होते. ढोबळ हिशेब असा की दर 10 अंश सेल्सिअस तापमान वाढले की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. हा हिशेब डाग काढणाऱ्या क्रियेला जसा लागू आहे, तसाच डाग पक्का करणाऱ्या क्रियेलाही लागू आहे. पुढील डागांना सुरुवातीला थंड पाणीच द्यावे.

रक्त, अंडे, दूध: या सर्वांत प्रथिने असतात. उकळत्या पाण्यात अंडे जसे घट्ट होते, तशीच ही प्रथिने गरम पाण्याने धाग्यातच गोठतात. रक्ताचा डाग थंड पाण्यात भिजवून, चोळून काढावा. मग हवी तर एन्झाइम असलेली कपडे धुण्याची पावडर वापरावी. एन्झाइमचे काम विरजणासारखे आहे. कोमट दुधात विरजण लागते, पण उकळत्या दुधात घातले तर मरते. एन्झाइमलाही 30 ते 40 अंशांचे कोमट पाणी मानवते, उकळते नाही. मात्र लोकर आणि रेशीम हे धागे स्वतःच प्रथिनांचे बनलेले असतात. प्रथिने खाणारे एन्झाइम त्यांनाही खाऊ शकते. म्हणून त्या कपड्यांवर ही पावडर वापरू नये.

चहा: आपल्याकडच्या चहात दूधही असते. म्हणजे एकाच डागात प्रथिने आणि चहाचा तुरट रंग असे दोन डाग असतात. आधी थंड पाण्याने दूध काढावे, मगच रंगाकडे वळावे.

हळद: हळदीचा पिवळा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. म्हणून आमटी-भाजीच्या डागातले तेल आधी साबणाने काढावे. साबण लावताच पिवळा डाग लाल होतो आणि नव्याने संसार मांडलेल्या मुली घाबरून जातात. घाबरण्याचे कारण नाही. साबणातल्या क्षारामुळे हळद लाल होते आणि खळबळून धुतले की पुन्हा पिवळी दिसते. पुढचे काम सूर्याचे. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. ओले सुती कापड एक-दोन दिवस कडक उन्हात वाळवले तर तो उडून जातो. इथे उपयोगी पडतो तो उजेड, इस्त्रीची आच नव्हे.

मेंदी: मेंदी जशी हाताच्या कातडीवर रंगते, तशीच लोकरीवर आणि रेशमावरही रंगते. उबेने ती आणखी चढते, हे प्रत्येक नवरीला ठाऊक असते. डाग पडताच थंड पाण्याने धुणे हाच उपाय.

रसायने दोन जातींची

बाटलीवर नाव काहीही असो, उष्णतेने काम करणारी ही रसायने मुख्यतः दोन जातींची असतात.

पहिली जात प्राणवायू देणारी. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सोडियम परकार्बोनेट ही यांतली नेहमीची नावे. प्राणवायू डागाच्या रंगाचे कण तोडतो आणि रंग नाहीसा होतो. चहा, कॉफी, फळांचे रस, भाज्यांचे रंग यांवर ही जात चांगली. औषधांच्या दुकानात जखमा धुण्यासाठी मिळणारे पेरॉक्साइड बहुधा 6 टक्क्यांचे असते. बाटलीवर '20 व्हॉल्यूम' असेही लिहिलेले आढळते. याचा अर्थ, एक माप द्रावणातून वीस मापे प्राणवायू निघतो. डागासाठी तेवढेच पाणी घालून ते 3 टक्क्यांवर आणावे.

दुसरी जात उलटी, म्हणजे प्राणवायू काढून घेणारी. सोडियम मेटाबायसल्फाइट आणि सोडियम हायड्रोसल्फाइट ही तिची नावे. रंगाच्या दुकानात 'रंगकाट' म्हणून मिळते ती बहुधा हीच. गुऱ्हाळात गुळाचा रंग उजळ करण्यासाठी जी 'हायड्रॉस' वापरल्याची ओरड अधूनमधून होते, तीही हीच. सरबतातल्या कृत्रिम लाल रंगावर ही जात फार प्रभावी आहे. गालिच्यांसाठी मिळणाऱ्या, 'लाल डागांसाठी' असे लिहिलेल्या अनेक बाटल्यांत याच जातीचे रसायन असते.

पण जे रसायन सरबताचा कृत्रिम रंग तोडते, ते गालिच्याचा स्वतःचा रंगही तोडू शकते. रसायनाला नक्षी आणि डाग यांतला फरक कळत नाही. म्हणून पांढऱ्या किंवा फिक्या जमिनीवर ते जितके सोयीचे, तितकेच गडद नक्षीवर धोक्याचे.

या दोन्ही जाती एकापाठोपाठ एक वापरू नयेत. एक प्राणवायू देते, दुसरी घेते. दोघी एकमेकींनाच निकामी करतात आणि त्या झटापटीत उष्णताही निर्माण होते. एकीने काम झाले नाही तर ती जागा स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा टिपून, पूर्ण वाळवून मगच दुसरीचा विचार करावा.

कपड्यांसाठी: गरम पाण्याची बादली

सुती चादरी, टेबलक्लॉथ, मुलांचे गणवेश, स्वयंपाकघरातली फडकी यांसाठी सोडियम परकार्बोनेट ही पावडर सोयीची आहे. पाकिटावर 'ऑक्सिजन ब्लीच' असे लिहिलेले असते. पाण्यात पडताच तिच्यातून पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा सुटा होतो. थंड पाण्यात ती फार मंद काम करते आणि 'पावडर बोगस आहे' अशी तक्रार होते. दोष पावडरीचा नसून पाण्याचा असतो. तिला 40 ते 60 अंशांचे पाणी हवे.

घरात तापमापक नसला तरी अडत नाही. एक तांब्या उकळते पाणी आणि तीन तांबे नळाचे पाणी मिसळले तर साधारण 44 अंश होते. निम्मे-निम्मे मिसळले तर 60 अंशांच्या थोडे वर जाते. रंगीत कपड्यांना पहिले प्रमाण, पांढऱ्या सुती कपड्यांना दुसरे. पावडर आधी पूर्ण विरघळवावी, मग कपडा बुडवावा. कोरडी पावडर ओल्या रंगीत कपड्यावर टाकली तर ठिपके पडतात. अर्धा तास ते दोन तास भिजवणे पुरते. काही पाकिटांवर 'टीएईडी' असे लिहिलेले असते. हे मदतनीस रसायन घातल्यामुळे पावडर कमी गरम पाण्यातही काम करू लागते.

हे द्रावण उरले तर उद्यासाठी बाटलीत भरून ठेवू नये. त्यातून प्राणवायू सुटत राहतो. झाकण घट्ट असेल तर दाब वाढून बाटली फुटू शकते. उरलेले पाणी मोरीत ओतून टाकावे, मोरीही स्वच्छ होईल.

लोकर आणि रेशीम यांना ही पावडर चालत नाही, कारण तिच्यातला सोडा या धाग्यांना कमकुवत करतो. पैठणी, शालू किंवा जरीच्या कोणत्याही वस्त्रावर तर घरी कोणतेही रसायन आणि वाफ वापरू नये. जरीतले तांबे आणि चांदी काळवंडते, रंगही फुटतो. अशा साडीवर डाग पडला की कोरड्या स्वच्छ कापडाने टिपावे आणि तशीच ड्रायक्लीनरकडे न्यावी. डाग कशाचा आहे ते त्याला सांगायला विसरू नये. तो विचारत नसला तरी सांगावे.

लोखंडी गंजाचा डाग असेल तर पेरॉक्साइड आणि ऑक्सिजन ब्लीच दोन्ही दूर ठेवावीत. गंज तर निघत नाहीच, उलट लोखंडामुळे पेरॉक्साइड त्या जागी फार वेगाने फुटते आणि कापडच झिजते. पुढच्या धुण्याला तिथे भोक पडलेले दिसते. गंजावर लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवण्याचा आजीचा उपायच बरा.

गालिचा कशाचा आहे?

भदोही-मिर्झापूरचे हाताने गाठी मारलेले गालिचे बहुतेक लोकरीचे असतात. काश्मीरचे रेशमी आणि लोकरीचे दोन्ही असतात. बाजारात स्वस्तात मिळणारे यंत्राचे गालिचे पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे असतात.

ओळखण्यासाठी गालिचा उलटा करावा. मागे एकेक गाठ आणि नक्षी स्पष्ट दिसली तर तो हाताने गाठी मारलेला. मागे कापड चिकटवलेले असेल तर तो टफ्टेड, म्हणजे धागे रबरी गोंदाने धरून ठेवलेला. अशा गालिच्यावर पाण्याचा मारा केला तर गोंद सुटून थर वेगळे होतात. मागे तागाचे कापड असेल तर जास्त पाण्याने तागाचा तपकिरी रंग वर चढतो आणि एका डागाचे दोन होतात.

धागा ओळखायचा असेल तर कडेचा एक छोटा धागा काढून, चिमट्यात धरून, मोरीवर जाळून पाहावा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांनी चुरडली गेली तर लोकर किंवा रेशीम. कागद जळल्यासारखा वास आला तर सूत किंवा ताग. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा. हे काम मोठ्यांनीच करावे, मुलांच्या हाती देऊ नये.

ही तपासणी टाळू नये, कारण सगळे धागे इस्त्री सारखी सोसत नाहीत. इस्त्रीच्या चकतीवर एक ठिपका असतो तेव्हा ती साधारण 110 अंश, दोन ठिपक्यांवर 150 आणि तीन ठिपक्यांवर 200 अंशांपर्यंत तापते. पॉलिप्रॉपिलीन सुमारे 160 अंशांना वितळते आणि त्याआधीच मऊ पडते. सुती कपड्यांसाठी तापवलेली इस्त्री त्यावर ठेवली तर गालिच्यावर इस्त्रीचा आकार कायमचा उमटेल. अशा गालिच्यावर इस्त्रीचा प्रयोग करूच नये. त्याला त्याची गरजही नसते.

इस्त्रीची रीत

लोकरीच्या किंवा नायलॉनच्या फिक्या गालिच्यावर कृत्रिम लाल रंगाचा डाग असेल तर पुढीलप्रमाणे करावे.

1. डाग ताजा असेल तर आधी पांढऱ्या सुती कापडाने टिपावे. घासू नये. बाहेरून आत असे टिपत जावे, म्हणजे डाग पसरत नाही. थंड पाणी शिंपडून पुन्हा टिपावे. पुष्कळदा निम्मा डाग इथेच निघतो.

2. बाटलीवरची सूचना पूर्ण वाचावी. 'लोकरीसाठी चालेल' असे लिहिले नसेल तर ते रसायन लोकरीवर वापरू नये. घरी पेरॉक्साइडमध्ये अमोनिया वगैरे मिसळून स्वतःचे औषध बनवू नये. क्षार आणि उष्णता एकत्र आली की लोकर पिवळी आणि ठिसूळ होते.

3. दिवाणाखाली झाकला जाणारा कोपरा निवडून तिथे आधी चाचणी घ्यावी. नक्षीतले सर्व रंग त्या कोपऱ्यात येतील असे पाहावे. रसायन लावावे, ओले पांढरे कापड ठेवावे, इस्त्री टेकवावी. गालिच्याचा रंग कापडावर आला किंवा फिका पडला तर तिथेच थांबावे.

4. डाग रसायनाने ओलसर करावा, चिंब नव्हे. पांढरा सुती पंचा पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, चौघडी करून डागावर ठेवावा. रंगीत किंवा छापील कापड कदापि घेऊ नये, त्याचाच रंग उतरेल.

5. इस्त्री दोन ठिपक्यांवर ठेवून पंचावर 10 ते 15 सेकंद टेकवावी. दाबू नये, फिरवू नये. पंचा ओला आहे तोवर त्याचे तापमान 100 अंशांच्या फारसे वर जात नाही, कारण उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पंचा सुकला की तीच उष्णता लोकरीला भाजू लागते. म्हणून पंचा सुकू देऊ नये.

6. उचलून पाहावे. पंचावर गुलाबी छटा आली असेल किंवा डाग फिका झाला असेल तर काम होत आहे. पंचाची स्वच्छ बाजू घेऊन पुन्हा करावे. दोन-तीन वेळा करूनही फरक पडत नसेल तर तो डाग या रसायनाचा नव्हे. आच वाढवून उपयोग नाही.

7. शेवटी स्वच्छ थंड पाण्याने दोन-तीनदा टिपून रसायन पूर्ण काढावे. ते मागे राहिले तर काम चालूच राहते आणि आठवड्याने त्या जागी फिका ठिपका दिसतो. मग कोरडा टॉवेल ठेवून त्यावर जड पाटा ठेवावा आणि पंख्याखाली वाळू द्यावे.

मेणबत्तीचे मेण सांडले असेल तर मात्र रसायनाची गरज नाही. थंड झालेले मेण बोथट सुरीने खरवडून घ्यावे, वर टीपकागद ठेवून हलकी गरम इस्त्री टेकवावी. मेण वितळून कागदात उतरते. वर्तमानपत्राचा कागद घेऊ नये, शाई उतरते.

हे कधीही करू नका

बॉलपेनची शाई किंवा ग्रीस काढण्यासाठी स्पिरिट, पेट्रोल, थिनर वापरले असेल तर त्या जागेजवळ इस्त्री आणू नये. वाफ पेट घेते. अशी कामे उघड्यावर, स्वयंपाकघरापासून दूर करावीत आणि नंतरही पूर्ण सुकेपर्यंत आच लावू नये.

फरशी किंवा संडास धुण्याचे क्लोरीनचे ब्लीच गालिच्यावर ओतू नये. लोकर आणि रेशीम त्यात अक्षरशः विरघळतात. ते ब्लीच आम्लात किंवा अमोनियात मिसळले तर विषारी वायू निघतो. डाग हट्टी आहे म्हणून दोन बाटल्या एकत्र करण्याचा मोह घरात अनेकांना होतो. तो जिवावर बेतू शकतो.

रंगकाटाच्या जातीचे रसायन तापवले की काडेपेटीची काडी पेटवल्यावर येतो तसा झणझणीत वास येतो. तो गंधकाचा वायू असतो. घरात कोणाला दमा असेल तर त्यांना दुसऱ्या खोलीत बसवावे, खिडक्या उघडाव्यात. हातात रबरी मोजे घालावेत. रंगकाटाची पुडी ओलसर जागी ठेवू नये. दमट झाली की ती आपोआप तापते आणि पेटूही शकते. मोरीजवळच्या फळीवर तर मुळीच नको. वरच्या कोरड्या कपाटात, मुलांच्या हाताबाहेर ठेवावी.

कुठे थांबायचे

भुसावळच्या त्या घरी पुढे काय झाले? रंगारीकाकांनी दोन दिवस काहीही करू नका, असे सांगितले. गालिचा पूर्ण वाळू दिला. मग लोकरीवर चालेल असे लिहिलेली, लाल डागांची बाटली आणली. दिवाणाखालच्या कोपऱ्यावर चाचणी झाली. मोतिया जमीन जशीच्या तशी राहिली, पण मरून फुलाची कड किंचित फिकी झाली. "जमिनीवर चालेल, फुलावर नाही," काका म्हणाले.

सूनबाईंनी बापूसाठी फाडून ठेवलेला जुना पंचा काढला. पहिल्या खेपेला तो चांगलाच गुलाबी झाला. दुसऱ्या खेपेला कमी. तिसऱ्या खेपेला ताटाएवढ्या डागाच्या जागी फक्त फिकट लाली उरली. तीही फुलाच्या कडेला लागून होती. सूनबाईंनी चौथ्यांदा पंचा भिजवायला घेतला तेव्हा काकांनी त्यांचा हात थांबवला. "आता निघेल तो डाग नाही, फूल निघेल."

हा सल्ला सर्वच गृहिणींनी ध्यानात ठेवावा असा आहे. शंभर टक्के डाग गेला पाहिजे या हट्टापायी जेवढे गालिचे आणि साड्या खराब होतात, तेवढ्या डागांमुळे होत नसतील. नव्वद टक्के डाग गेला, धागा शाबूत राहिला, नक्षी टिकली, तर ते यशच मानावे. उरलेल्यासाठी गालिचे धुणाऱ्या जाणकाराकडे जावे आणि त्याला आतापर्यंत काय काय लावले हे मोकळेपणाने सांगावे. लाजेपोटी लपवले तर त्याचेही रसायन चुकते.

आजोबांना हे सारे सांगायचे कसे, याचाच सूनबाईंना घोर होता. शेवटी त्यांनी स्वतःच गालिचा अंथरून दाखवला. "बाबा, माझ्याच्याने एवढंच निघालं," त्या म्हणाल्या. आजोबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "दिवाणात ठेवून त्याला जपलं, म्हणून तो एका दिवसात बिघडला. आता राहू दे खालीच. निदान डोळ्यांसमोर तरी राहील."

तेव्हापासून तो गालिचा बैठकीत रोज अंथरलेला असतो. लाली शोधावी लागते. मात्र त्या घरात आता मुलांना सरबत ओसरीवरच दिले जाते.